वॉर्डनबाईंचा तिसरा प्रश्न

वॉर्डनबाईंचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहून उपयोग नाही. त्या नावानं त्यांना आमच्या मंडळीत कुणी ओळखतच नव्हतं. अख्खी नोकरी अकोल्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात झाली. तिथून रिटायर होऊन त्या अमरावतीला आल्या, आमच्या चर्चमध्ये शेवटून दुसऱ्या बाकावर बसू लागल्या आणि बघता बघता पाळकसाहेबांपासून घंटा वाजवणाऱ्या काकांपर्यंत सगळे त्यांना वॉर्डनबाई म्हणू लागले. बेताची उंची, खळ घातलेली सुती साडी, पायांत कापडी बूट आणि बाराही महिने हातात काळी छत्री. ती छत्री त्यांनी उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती माणसं दाखवायला असे. ‘तू वाच’, ‘तू सांग’, ‘तू नको, तू फार बोलतेस’.

हे शेवटचं मला.

मी तेव्हा महिला मंडळाची सेक्रेटरी होते. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा हे मी भाजीवाल्यालाही सांगत असे. नुकतीच आजी झाले होते आणि कुणी आजी म्हटलेलं खपत नसे. केस काळेभोर रंगवायची, नातीला ‘मोठी मम्मी’ म्हणायला शिकवायची. मंडळीत कुणाच्या घरी काय चाललंय हे मला त्या घरच्यांच्या आधी कळायचं. त्याला मी ‘काळजी’ म्हणत असे. प्रार्थना सभेत माझी प्रार्थना सर्वांत लांब असे, आणि बायका डोळे मिटून गुंग होतात असं मला वाटे. त्यातल्या निम्म्या झोपलेल्या असत, हे मला फार उशिरा कळलं.

त्या सुमारास पाळकसाहेबांनी जाहीर केलं की मंडळीत घरोघरी शिष्यत्वाचे छोटे गट सुरू करायचे. कमिटीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रविवारची उपासना आहे, बुधवारची प्रार्थना आहे, ईस्टरआधीचा उपासकाळ आहे, नाताळ आहे, त्यात हे कशाला? खजिनदारभाऊ म्हणाले, “साहेब, इतकं मोठं चर्च हाये, बाक रिकामे राहून राहिले, आन् आपण लोकायले घरी काहून बसवायचं?”

मागून छत्रीचं टोक फरशीवर वाजलं.

“रविवारी आपण पुढच्याची मान बघतो,” वॉर्डनबाई म्हणाल्या. “मी आल्यापासून तुमची मान बघतेय. मानेवर मस आहे एवढं मला माहीत झालं. तुमचं तोंड कधी बघायचं?”

खजिनदारभाऊंचा हात आपोआप मानेवर गेला, आणि गटांचं काम वॉर्डनबाईंकडे गेलं.

पहिला गट माझ्या घरी भरला, कारण मी तो दुसऱ्या कुणाच्या घरी भरू देणं शक्यच नव्हतं. आम्ही पाचसहा बायका. मी गिला वडा केला, वर दही, चिंचेची चटणी, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. वॉर्डनबाई आल्या, टेबलाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “हे कुणाचं लग्न?”

“थोडंसं खाऊन मग शास्त्र वाचू की, बाई.”

“आज तू वडे केलेस. पुढच्या वेळी ही समोसे करेल. तिसरी केक आणेल. चौथीच्या घरी परिस्थिती नाही, ती पाहुणे आलेत सांगून गटच टाळेल. झाला का गट बंद? उचल ते.”

वडे आत गेले. पुढं मी पाहिलं, त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. पण त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रागानं दोन वडे उभ्यानंच खाल्ले, आणि दह्याचा डाग पदरावर घेऊन शिष्यत्व शिकायला बाहेर आले.

त्यांच्या गटाला भाषण नसे. बायबलमधला एक उतारा वाचायचा, तोही हळू, आणि मग तीन प्रश्न. यातून काय कळलं? मागच्या उताऱ्यातलं काय केलं? आणि काय जमलं नाही? पहिल्या प्रश्नाला मी अर्धा तास बोलू शकत असे. त्या तेवढा वेळ चष्मा पुसत. दुसऱ्याला मी थोडं रचून सांगे. त्या तेव्हाही चष्माच पुसत. तिसऱ्या प्रश्नाला मात्र चष्मा डोळ्यांवर चढे, त्या खुर्चीच्या कडेवर सरकत, आणि समोरची बाई काय सांगते ते अशा ऐकत की जणू कुणी गरम जिलेबी वाढतंय. जमलं नाही ते ऐकायला इतकं उत्सुक असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. रागावत नसत, उपदेश करत नसत. “मग आता पुढच्या वेळेपर्यंत काय करशील?” एवढंच विचारत, आणि पुढच्या वेळी ते बरोबर आठवून विचारत. वसतिगृहात पोरींची हजेरी घेऊन घेऊन ती सवय हाडात मुरली होती.

माझ्या प्रार्थनेचंही त्यांनी तसंच केलं. मी सुरुवात केली, “हे सर्वसमर्थ, परमकृपाळू, दयासागर, स्वर्गस्थ...”

“थांब गं, सेक्रेटरी. नवऱ्याला चहा हवा का विचारताना तू काय म्हणतेस?”

“काय म्हणते? ‘च्या घेता का?’ म्हणते.”

“मग देवाशी एवढी परकी का वागतेस? घरच्या बोलीत कर.”

देवाशी वऱ्हाडीत बोलणं मला न आंघोळ करता चर्चला जाण्यासारखं वाटत होतं. शेवटी डोळे घट्ट मिटले आणि तोंडातून निघून गेलं, “देवा, माहा गुडघा दुखून राहिला, आन् सुनेसंग माहं पटून नाई राहिलं. चूक तिचीच हाये, पण थोडीशी माही बी असन. पाहून घे बापा. आमेन.”

सून दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. त्या संध्याकाळी तिनं मला न मागता चहा दिला, आणि तो माझ्यासारखाच, दूध कमी आणि आलं जास्त. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, या बाईच्या प्रश्नांत काहीतरी आहे.

गट उभा राहिला की त्या निघून जात. निरोप नाही, हार नाही. एखाद्या आठवड्यापासून यायच्याच बंद होत. फोन केला तर म्हणत, “मी नसताना वाचलंत ना? बोललात ना? मग मला कशाला बोलावता?” असा एक गट बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये लावून दिला, एक दवाखान्यातल्या सिस्टरांचा, ड्युटी बदलायच्या वेळी. आमच्या गटात मात्र जरा जास्तच रेंगाळल्या. मी तयार व्हायला वेळ घेत होते, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या नाहीत. त्यांनी लावलेले गट आहेत. एक तर माझी नातच चालवते, मला मागं बसवते आणि “आजी, थोडक्यात” म्हणते.

पण मला सांगायचंय ते अकोल्याचं.

दर महिन्याच्या एका शनिवारी वॉर्डनबाई सकाळच्या बसनं अकोल्याला जात आणि संध्याकाळी परत येत. कुठं, कशाला, कुणाकडे, काही सांगत नसत. आधीच मला एक कोडं पडलेलं होतंच: जन्म अकोल्याचा, नोकरी अकोल्याची, ओळखीची माणसं सगळी तिकडं, मग म्हातारपणी कुणी गाव सोडून अमरावतीला येऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहतं का? त्यात हा शनिवार. आणि वर ही गोष्ट की त्या आम्हा सगळ्यांना तिसरा प्रश्न विचारत, पण त्यांना तो कुणीच विचारत नसे. एकदा मी हिंमत करून विचारलाही. “बाई, तुमचं काय जमलं नाही?” त्यांनी छत्री उचलली आणि म्हणाल्या, “उतारा वाच.”

मग माझ्यासारखीला चैन पडणार कसं? गटातल्या एकीचं मत होतं की त्या डॉक्टरकडे जातात. दुसरीला खात्री होती की तरुणपणीचं काही प्रकरण आहे. मी दोघींना गप्प केलं, “असं बोलू नये,” म्हटलं, आणि पुढच्या शनिवारी स्वतः अकोल्याच्या बसमध्ये बसले.

वेषांतर म्हणून मी आमच्याकडच्या स्कूटरवरच्या पोरी उन्हात बांधतात तसा स्कार्फ तोंडाला गुंडाळला होता. डोळे तेवढे उघडे. वॉर्डनबाई पुढं, मी मागून तिसऱ्या सीटवर. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की उकाडा जाणवतच नव्हता. मूर्तिजापूरला बस थांबली. बाई खाली उतरल्या, कागदात भजी घेऊन वर चढल्या आणि सरळ मागं माझ्यापाशी आल्या.

“सेक्रेटरी, स्कार्फ सोड. घामानं केसांचा रंग मानेवर उतरलाय.”

सगळी बस वळून बघायला लागली. मी स्कार्फ सोडला. त्या शेजारी बसल्या, रुमाल ओला करून माझी मान पुसली आणि भजी पुढं केली.

“आलीच आहेस तर चल. पण तिथं तोंड उघडायचं नाही.”

“बरं, बाई.”

“तुला जमायचं नाही,” त्या म्हणाल्या आणि उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अकोल्यात ऑटोनं त्या मला ज्या जागी घेऊन गेल्या ते ब्यूटी पार्लर निघालं. मी दारातच थबकले. शटर अर्धं खाली, आत चारपाच बायका, गोल फिरणाऱ्या खुर्च्यांवर बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर शास्त्र. समोर भिंतभर आरसे. पार्लरवाली म्हणजे बाईंच्याच वसतिगृहातली एकेकाळची मुलगी, आता पन्नाशीची, अंगानं भरदार, आवाजानं त्याहून. गट तिचा होता, आणि वॉर्डनबाई त्यात साध्या सदस्य होत्या. त्या फिरत्या खुर्चीत बसल्या तर त्यांचे पाय जमिनीला टेकेनात.

उतारा झाला, पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. मग पार्लरवालीनं खुर्ची गर्रकन बाईंकडे फिरवली.

“बोला, बाई. जमलं?”

“नाही.”

“काहून?”

“ऊन होतं.”

“मागच्या खेपेले पाऊस होता. त्याच्या आंधी गुडघा होता. बाई, मी खिडकीतून सिनेमाले पळाली तं तुमी मले महिनाभर संडास धुवाले लावले होते. तव्हा माहे बहाणे चालू देल्ले होते का?”

“नव्हते.”

“मंग मी काहून चालू देऊ?”

बायका हसल्या. वॉर्डनबाई हसल्या नाहीत. चष्मा काढला होता, पण पुसत नव्हत्या, नुसता हातात धरला होता. आरशात त्यांचा चेहरा मला समोरून दिसत होता आणि मी तो ओळखलाच नाही. वसतिगृहातल्या पकडल्या गेलेल्या पोरीचा चेहरा होता तो.

“कशाचं ऊन?” मी विचारून बसले. “कुठं जायचं होतं तुम्हाला?”

“पाहिलंस?” त्या आरशातल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “तोंड उघडलंच.” मग म्हणाल्या, “भावाकडे. इथंच राहतो तो.”

पार्लरवालीचा आवाज खाली आला. “बाई, आता थट्टा नाई करत. भाऊंले उद्या नागपूरले नेऊन राहिले. हृदयाचं ऑपरेशन हाये, डॉक्टरनं काई भरवसा देल्ला नाई. रविवारी चर्चात त्यायच्यासाठी प्रार्थना झाली. आज नाई गेल्या, तं मंग कधी जासान?”

भिंतीवरचा पंखा तेवढा मान हलवत होता.

“उठा,” पार्लरवाली म्हणाली. “आमी इथंच प्रार्थना करत बसतो, तुमी येईपर्यंत. या मावशीले संग न्या.”

मला कुणी मावशी म्हटलेलं चालत नसे. त्या दिवशी ते लक्षातही आलं नाही. मी बाईंची छत्री घेतली, त्यांना खुर्चीवरून खाली उतरवलं आणि ऑटोत बसवलं.

ऑटोत त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. आई त्यांच्याजवळच असायची, वसतिगृहाच्या क्वार्टरमध्ये. मे महिन्यात गेली. अकोल्याचा मे, गावात बर्फ मिळेना. भाऊ रेल्वेत, तिकडं रायपूरच्याही पुढं नोकरीला. तार नव्हे, फोनच केला होता, तो निघालाही होता, पण गाडी रखडली. बाईंनी संध्याकाळची वेळ ठरवली होती आणि ठरल्या वेळेला माती दिली. भाऊ स्टेशनवरून कब्रस्थानात धावत आला तेव्हा लोक हात धूत होते.

“‘मूठभर माती बी नाई टाकू देल्ली तू मले,’ एवढंच बोलला. मग तो रिटायर होऊन अकोल्याला आला, त्याच चर्चमध्ये. तो उजवीकडच्या बाकावर, मी डावीकडच्या. प्रभुभोजनाच्या रविवारी मी उठेना; सख्ख्या भावाशी बिनसलेलं असताना ती भाकर घ्यायची कशी? शेवटी गावच सोडलं.”

“म्हणजे माफी मागायचीय,” मी म्हटलं.

“माफी मागता येते मला. त्यासाठी इतके महिने लागले नसते. आणखी एक आहे.”

“काय?”

त्यांनी हातानं ऑटोवाल्याला वळण दाखवलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या आयुष्यातला हा बहुधा पहिलाच प्रसंग.

भावाचं घर कापसाच्या एका जुन्या जिनिंग फॅक्टरीच्या मागं होतं. दार उघडंच. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता, वाळलेला, चौकड्याची लुंगी, आणि नाक थेट बाईंचं. त्याची सून नागपूरची बॅग भरत होती. आम्हाला बघून तिचे हात थांबले.

“कोण हाये?” त्यानं विचारलं. खिडकीचा उजेड डोळ्यांवर होता.

“मी.”

त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग सुनेला म्हणाला, “अक्काले पाणी दे.”

सुनेनं खुर्ची पुढं केली. बाई बसल्या नाहीत. आमच्यासमोर कायम पुस्तकासारखं बोलणारी ती बाई एकदम घरच्या बोलीत बोलायला लागली.

“मी थांबाले पाह्यजे होतं. मी घड्याळ पाह्यलं, तुही वाट नाई पाह्यली. चुकलं माहं.”

“ऊनच तसं होतं तव्हा,” तो म्हणाला. “बर्फ बी नव्हता म्हणे. ते मले मांगंच समजलं होतं. पण तू येऊन सांगतलं नाई कधी.” मग म्हणाला, “बस ना आता.”

झालं, असं वाटून मी पर्स सावरली. सुनेनं डोळे पुसले. पण बाई उभ्याच.

“अजून एक हाये,” त्या म्हणाल्या. “मायनं शेवटी तुले इचारलं होतं. ‘आला का थो?’ म्हणे. डोये उघडून दाराकडे पाहून राहिली होती. मी म्हणलं, ‘आला. हातपाय धुवून राहिला, येतेच आतमंदी.’ तू तं तव्हा गाडीत बी बसला नव्हता. जलमभर मी पोरीयले खरं बोलाले लावलं, आन् मरत्या मायले खोटं सांगतलं. ते ऐकून माय हसली, आन् गेली. मले तिचं थे हसणं पाहवत नाई.”

तो वाकून बघायला लागला. “काय म्हणली तू तिले? पुन्हा सांग.”

“हातपाय धुवून राहिला म्हणली.”

त्याचे खांदे हलायला लागले. सून बॅग टाकून धावली, मीही घाबरले, छातीत कळ आली असंच वाटलं. पण तो हसत होता. डोळ्यांतून पाणी, एक हात छातीवर दाबलेला, आणि हसणं थांबत नव्हतं.

“अवो अक्का, मी जलमात कधी हातपाय धुवून घरात आलो होतो का? तशाच चिखलाच्या पायानं चुलीपाशी जाये मी. माय झाडू घेऊन मांगं लागे माह्या. तिले तं तव्हाच समजलं असन का तू फेकून राहिली.”

वॉर्डनबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. किती तरी वेळ त्या भावाच्या तोंडाकडे बघत होत्या.

“मंग थे हसली काहून?” त्यांनी विचारलं.

“तुले खोटं सांगता येत नाई म्हून,” भाऊ म्हणाला.